टाकीत पाणी किती? प्रेशर सेन्सर आणि पॅनेल मीटर बसवताना पैसे कुठे घालावेत

सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीत आत्ता नेमकं किती पाणी आहे, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी आजही वॉचमन देतो. झाकण उचलायचं, बॅटरीच्या उजेडात आत डोकवायचं आणि "अर्धी आहे" म्हणून सांगायचं. पाणी मुबलक असेल तर एवढ्यावर भागतं. पण मे महिन्यात पालिकेचं पाणी दिवसाआड येतं, रोज टँकर मागवावा लागतो, तेव्हा अर्धी म्हणजे किती लिटर, रात्रीतून किती कमी झालं आणि टँकरवाल्याने खरंच दहा हजार लिटर ओतलं का, हे प्रश्न थेट मेंटेनन्सच्या बिलात उतरतात. तळाशी टांगलेला प्रेशर सेन्सर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लाल आकडे दाखवणारा पॅनेल मीटर ही जोडी या प्रश्नांचं उत्तर चोवीस तास देते. कारखाने आणि जलशुद्धीकरण केंद्रं हे तंत्र फार पूर्वीपासून वापरत आहेत. आता एका टाकीसाठी ते साधारण वीस हजार रुपयांत बसतं. मात्र हेच वीस हजार चुकीच्या वस्तूंवर गेले, तर आकडा दिसतो पण तो खरा नसतो.

तत्त्व शाळेतल्या विज्ञानाचंच आहे. पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितका तळाशी दाब जास्त. एक मीटर पाण्याचा दाब ९.८१ किलोपास्कल, म्हणजे ०.०९८ बार. साधारण १०.२ मीटर पाणी म्हणजे एक बार. टाकीचा आकार गोल असो वा चौकोनी, दाब फक्त उंचीवर ठरतो. सेन्सर हा दाब मोजतो आणि त्याप्रमाणे ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह दोन तारांतून पाठवतो. रिकाम्या टाकीला ४, रेंजच्या टोकाला २०. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करण्यामागे मोठा शहाणपणा आहे: तार तुटली किंवा सेन्सर मेला तर प्रवाह शून्यावर येतो आणि मीटरला कळतं की टाकी रिकामी नाही, तार गेली आहे. शिवाय प्रवाहाच्या रूपात गेलेला सिग्नल लांब केबलमध्ये व्होल्टेजसारखा घसरत नाही. म्हणून ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारे स्वस्त सेन्सर छंदाच्या प्रयोगांना ठीक आहेत, पण टाकीपासून केबिनपर्यंत तीस-चाळीस मीटर तार जाणार असेल तर ते घेऊ नका. दोन तारांचा, ४-२० मिलिअँपिअरचा, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा सेन्सर मागा.

या २४ व्होल्टला आणखी एक महत्त्व आहे. अनेक सोसायट्यांत फ्लोट स्विचची वायर थेट २३० व्होल्टवर असते आणि ती पिण्याच्या पाण्यात लोंबकळते. वायरचं आवरण उंदराने कुरतडलं किंवा झाकणाच्या कडेवर घासलं गेलं, तर टाकी साफ करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. सेन्सर बसवा किंवा बसवू नका, पण आपल्या टाकीतल्या फ्लोटच्या वायरवर किती व्होल्ट आहेत, हे या आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.

रेंज: निम्मे पैसे इथेच वाया जातात

उदाहरणासाठी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल पाण्याची टाकी घेऊ. क्षमता ६० हजार लिटर. पाण्याचा पृष्ठभाग २४ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की २४० लिटर गेले. हा २४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

दुकानात सहज मिळणारा प्रेशर सेन्सर बहुधा ०-१० बारचा असतो. तो पंपाच्या लाइनसाठी आणि कॉम्प्रेसरसाठी बनवलेला असतो. अडीच-तीन मीटर पाण्याचा दाब जेमतेम ०.२५ ते ०.३ बार, म्हणजे त्या सेन्सरच्या रेंजचे अडीच-तीन टक्के. त्याची अचूकता डेटाशीटवर ०.५ टक्के लिहिलेली असते आणि वाचायला ती छान वाटते. पण हे ०.५ टक्के पूर्ण रेंजचे असतात. दहा बारचे अर्धा टक्का म्हणजे ०.०५ बार, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर पाणी, म्हणजे आपल्या टाकीत बारा हजार लिटरहून जास्त. अख्खा टँकर त्या चुकीत बुडून जाईल. तीच ०.५ टक्के अचूकता ०-५ मीटर रेंजच्या सेन्सरमध्ये अडीच सेंटिमीटर होते, म्हणजे ६०० लिटर. दोन्ही सेन्सरच्या किमतीत फार फरक नसतो, आकड्यात मात्र वीसपट फरक पडतो. अडीच-तीन मीटर खोलीच्या टाकीला ०-५ मीटर, आणि मिळाला तर ०-३ मीटर रेंज घ्या. कोटेशनमध्ये नुसतं 'प्रेशर सेन्सर' लिहिलं असेल तर ते परत पाठवा आणि रेंज लिहून मागा.

दुसरी गोष्ट केबलची. पाण्यात बुडवायच्या चांगल्या सेन्सरच्या केबलमध्ये तारांसोबत एक बारीक पोकळ नळी असते. तिच्यातून बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरच्या आत पोहोचतो आणि मोजमापातून वजा होतो. ही नळी नसेल तर सेन्सर पाण्याबरोबर हवामानही मोजत बसतो. आपल्याकडे हिवाळा आणि पावसाळा यांच्या हवेच्या दाबात साधारण दहा हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे दहा सेंटिमीटर पाण्याएवढा, आपल्या टाकीत २४०० लिटर. दिवसभरातही हवेचा दाब तीन-चार हेक्टोपास्कलने वरखाली होतो. अ‍ॅब्सोल्यूट प्रकारचा, म्हणजे हवेचा दाब वजा न करणारा सेन्सर तर मुंबईत जुळवून पुण्यात बसवला, तर केवळ उंचीमुळे साठ सेंटिमीटरच्या आसपास चुकेल. म्हणून 'व्हेंटेड केबल, गेज प्रकार' हे शब्द ऑर्डरमध्ये असायलाच हवेत.

या नळीची काळजीही घ्यावी लागते. केबल जिथे साध्या वायरला जोडली जाते तो जंक्शन बॉक्स टाकीच्या बाहेर, पावसापासून सुरक्षित, कोरड्या जागी असावा. पण तो सिलिकॉनने हवाबंद करायचा नाही. नेमकं हेच घडतं: काम नीटनेटकं दिसावं म्हणून इलेक्ट्रिशियन सगळी भोकं बुजवतो, नळीचं तोंडही बुजतं आणि पंधरा दिवसांनी आकडे भटकायला लागतात. बॉक्समध्ये आर्द्रता शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यानंतर बदला. केबल तोडून मध्येच जोड देऊ नका, लागेल तेवढ्या लांबीची मूळ केबल सेन्सरसोबतच मागवा.

सेन्सरची बॉडी एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलची असावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला आणि कोकणपट्टीतल्या मचूळ पाण्याला ३०४ पुरत नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी आहे हे विक्रेत्याला सांगा आणि केबलचं आवरण पिण्याच्या पाण्याला चालणारं आहे, असं लेखी घ्या.

खर्चाचा ताळेबंद

खालचे दर ढोबळ आहेत. शहर, ब्रँड आणि दुकान पाहून ते बदलतात, पण कोटेशन तपासायला पुरेसे आहेत.

भारतीय बनावटीचा बुडवायचा सेन्सर, म्हणजे दुकानाच्या भाषेत लेव्हल ट्रान्समीटर, ०-५ मीटर, दहा मीटर केबलसह, सहा ते बारा हजार रुपयांत मिळतो. ऑनलाइन मिळणारे बिनब्रँडचे आयात सेन्सर तीन ते पाच हजारांत येतात. त्यातले काही चांगले चालतात, पण पाणी आत शिरलं तर विचारायचं कोणाला, हा प्रश्न राहतो. युरोपीय ब्रँड पंचवीस हजारांच्या पुढे जातात आणि सोसायटीला त्यांची गरज नाही. ४-२० मिलिअँपिअर घेणारा, दोन रिले असलेला, ९६ बाय ४८ मिलिमीटर मापाचा पॅनेल मीटर दोन ते चार हजारांत येतो. बहुतेक मीटर सेन्सरला लागणारे २४ व्होल्ट स्वतःच देतात. तसे देत नसेल तर वेगळा पॉवर सप्लाय घ्या, पाचशे ते हजार रुपये. शील्ड असलेली दोन तारांची केबल तीस ते पन्नास रुपये मीटर. बॉक्स, ग्लँड, पाइप मिळून हजार-दीड हजार. मजुरी आणि सेटिंगचे दोन ते पाच हजार.

आपल्या अंडरग्राउंड टाकीसाठी आठ हजारांचा सेन्सर, तीन हजारांचा मीटर, सातशेचा पॉवर सप्लाय, वीस मीटर केबलचे आठशे, बॉक्स वगैरे दीड हजार आणि मजुरी तीन हजार धरली, तर सतरा हजार होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून वीस हजारांच्या आसपास. गच्चीवरची टाकीही जोडायची तर केबल लांबते आणि वीज पडण्यापासून संरक्षण लागतं, म्हणून आणखी पंचवीस-सव्वीस हजार. दोन्ही टाक्या मिळून पन्नास हजारांच्या आत काम व्हायला हवं. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत हा खर्च घरटी साडेबाराशेहून कमी येतो.

चालवण्याचा खर्च नगण्य आहे. सेन्सर अर्धा वॉटही घेत नाही, मीटर साधारण पाच वॉट. महिन्याला चार युनिटच्या आसपास.

मोबाइलवर पातळी दाखवणाऱ्या तयार यंत्रणा हल्ली खूप विकल्या जातात. त्यांच्यात वाईट काही नाही, पण वार्षिक वर्गणी किती, ती थांबवली तर जागेवरचा आकडा दिसतो का, आणि आतला सेन्सर दाबाचा आहे की अल्ट्रासॉनिक, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बंद टाकीच्या झाकणाखाली वाफ साचते, अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या तोंडावर थेंब धरतात आणि आकडा उड्या मारतो. उघड्या तळ्यासाठी तो उत्तम, आपल्या अंडरग्राउंड टाकीसाठी माझी पसंती दाबाच्या सेन्सरलाच. पुढेमागे मोबाइलवर हवं असेल तर आरएस-४८५ पोर्टचा, म्हणजे आकडा दुसऱ्या यंत्राकडे पाठवू शकणारा मीटर घ्या. हजारभर रुपये जास्त पडतात, पण दार उघडं राहतं.

बसवण्याआधीची तपासणी

विक्रेत्यासमोर हे करून घ्या. चार इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभराहून थोडा लांब तुकडा, खालून बंद केलेला, उभा धरा. सेन्सर हवेत असताना मल्टिमीटर तारेत जोडून पाहा, ४.०० च्या आसपास मिलिअँपिअर दिसायला हवेत. मग सेन्सर तळाशी सोडून त्याच्या टोकापासून बरोबर एक मीटर पाणी भरा. ०-५ मीटरचा सेन्सर ७.२ दाखवेल. एका मीटरला ३.२ असा सरळ हिशेब आहे. तो ७.१ ते ७.३ च्या बाहेर गेला तर तो सेन्सर घेऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि टाकीत सोडल्यावर होणारे वाद त्याने टळतात.

टाकीत सेन्सर तळाला टेकवायचा नाही, गाळात रुततो. तळापासून दहा सेंटिमीटर वर, पाणी पडण्याच्या जागेपासून आणि पंपाच्या सक्शनपासून लांब टांगायचा. दोन-अडीच इंची पाइपला खाली भोकं पाडून त्यात सोडला तर टँकर ओततानाच्या लाटांनी आकडा हलत नाही. झाकणातून वरूनच सोडता येतो, त्यासाठी कोणी टाकीत उतरायची गरज नाही. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, एकट्या माणसाला तर कधीच उतरवू नका.

मीटरचं सेटिंग कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. आपल्या टाकीत ०-५ मीटर म्हणजे १२० किलोलिटर. सेन्सर दहा सेंटिमीटर वर असल्याने त्याच्या खाली २.४ किलोलिटर पाणी कायम असतं. म्हणून ४ मिलिअँपिअरला २.४ आणि २० मिलिअँपिअरला १२२.४ भरा, दशांशचिन्ह एका आकड्याआधी. टाकी काठोकाठ भरली की मीटर ६०.० दाखवेल. टक्के दाखवण्यापेक्षा किलोलिटर दाखवणं चांगलं, कारण टँकरचं बिल टक्क्यांत येत नाही.

रिलेबद्दल एक सावधगिरी. मीटरचा रिले मोटर थेट चालवण्यासाठी नसतो, तो स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो. अंडरग्राउंड टाकीत पाणी पंधरा टक्क्यांखाली गेलं की पंप बंद, असं लावलं तर पंप कोरडा चालत नाही. तार तुटली तरी मीटरचा रिले ती कमी पातळीच धरतो आणि पंप थांबतो, म्हणजे नुकसान टळतं. गच्चीवर मात्र उलटं होतं. तिथल्या सेन्सरची तार तुटली की रिलेच्या दृष्टीने टाकी रिकामी असते, पंप चालूच राहतो आणि पाणी गच्चीवरून वाहतं. मिनिटाला दोनशे लिटर देणारा पंप अर्ध्या तासात सहा हजार लिटर सांडतो. म्हणून गच्चीच्या टाकीवर, सेन्सर असला तरी, कमी व्होल्टवर चालणारा एक साधा फ्लोट स्विच वेगळा ठेवाच. पाचशे-सातशे रुपयांची वस्तू आहे, त्यात कंजुषी करू नका.

गच्चीवर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सेन्सर खाली उतरणाऱ्या पाइपवर बसवला तर लोक नळ उघडतात तेव्हा वाहत्या पाण्यामुळे दाब घसरतो आणि सकाळी सातला टाकी रिकामी वाटते. तो टाकीतच बुडवा, किंवा टाकी धुवायच्या वॉशआउटला वेगळ्या टोकावर बसवा. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा गच्चीपासून केबिनपर्यंत गेलेली लांब तार ते झटके गोळा करते. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा, दीड ते साडेतीन हजारांना एक मिळतो. केबलच्या शील्डला अर्थिंग एकाच टोकाला द्या. गच्चीवरच्या टाक्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतील आणि मधले व्हॉल्व्ह उघडे असतील, तर सगळ्यांना मिळून एकच सेन्सर पुरतो.

टँकर आणि रात्रीची गळती

ही यंत्रणा पैसे कमावून देते ती इथे. टँकर यायच्या आधी पंप बंद करा, पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मीटरचा आकडा लिहा. टँकर रिकामा झाल्यावर पाच मिनिटं थांबून परत लिहा. दहा हजार लिटरला आपल्या टाकीची पातळी ४१ ते ४२ सेंटिमीटर चढायला हवी, मीटरवर १०.० ची वाढ दिसायला हवी. दोन नोंदींमधला फरक मोजताना सेन्सरची कायमची चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि बरीचशी कटते, त्यामुळे हजार लिटरची तूट सहज पकडली जाते. वैधमापन कायद्याने या मीटरवर शिक्का नसतो, म्हणून त्याच्या आकड्यावर बिल कापायचा कायदेशीर अधिकार मिळत नाही. पण महिनाभराची वही समोर ठेवून टँकरवाल्याशी बोललं की त्या बोलण्याला वजन येतं.

रात्री एक ते चार या वेळेत पंप बंद असताना अंडरग्राउंड टाकीचा आकडा हलायला नको. रोज पहाटे ०.५ कमी दिसत असेल तर भिंतीतून किंवा दुसरीकडून कुठून तरी पाचशे लिटर जात आहेत, महिन्याला पंधरा हजार. झाकण उचलून डोकावल्याने हे कधीच कळलं नसतं.

देखभाल थोडी आहे, पण चुकवायची नाही. टाकी धुण्याआधी सेन्सर वर ओढून घ्या. त्याच्या तोंडाशी डायफ्राम नावाचा कागदासारखा पातळ स्टीलचा पडदा असतो. प्रेशर जेटचा एक फवारा किंवा गाळ काढायला घातलेली खिळ्याची टोकदार बाजू, एवढ्याने तो कायमचा निकामी होतो. मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसा, क्षार जमले असतील तर सेन्सर थोडा वेळ व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा, पडद्याला बोट लावू नका. टाकी साफ करणाऱ्या एजन्सीच्या कामाच्या यादीत हे वाक्य लिहूनच द्या. वर्षातून एकदा मोजपट्टीने प्रत्यक्ष खोली मोजून मीटरशी ताडून पाहा.

एका बंगल्यावरच्या हजार लिटरच्या प्लॅस्टिक टाकीसाठी हे सगळं करू नका. तिथे चांगला फ्लोट स्विच आणि पाणी भरल्याचा गजर पुरतो, हजार-दीड हजारांत काम होतं. वीस-पंचवीस फ्लॅटच्या पुढची सोसायटी, वसतिगृह, मंगल कार्यालय, छोटा दवाखाना, जिथे टँकर येतो आणि टाकी तीस हजार लिटरच्या वर आहे, तिथे मात्र हा खर्च करावाच.

आणि बजेट एकाच सेन्सरचं असेल, तर आधी आगीसाठी राखलेली टाकी पाहा. उंच इमारतींत ती वेगळी असते, रोज कोणी वापरत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी डोकावतही नाही. गळून किंवा कोणी व्हॉल्व्ह उघडून ती रिकामी झाली, तर कळतं ते आग लागल्यावर. त्या टाकीवर सेन्सर बसवा, पातळी ९० टक्क्यांखाली आली की वाजणारा भोंगा मीटरच्या रिलेला जोडा, आणि पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्या.